मंगळ रंगवणारी मंडळी

दिवसभर एक्सेल आणि मीटिंगा, रात्री जेवणं उरकली की मंगळावरची दरी! जगभरातल्या काही हौशी लोकांचं हे रुटीन आहे. गेली काही वर्षं त्यात मीही आहे.

कुणी वीकएन्डला ट्रेकला जातं, कुणी सालसा शिकतं, कुणी नुसतंच मॉलमध्ये फिरतं. माझा टाइमपास जरा लांबचा आहे. मंगळावरच्या गाड्यांनी पाठवलेले फोटो मी उघडते आणि त्यांना रंग देते. हे सांगितलं की पहिला प्रश्न हमखास येतो, 'का गं, नासाला जमत नाही का?' आणि दुसरा, 'किती मिळतात याचे?' तर मंडळी, नासाला उत्तम जमतं. आणि मिळतो शून्य रुपया. तरीही लोक यात रात्री घालवतात. का? सांगते.

फुकट, आणि तेही ताजं

जानेवारी २००४ मध्ये नासाच्या दोन रोव्हर गाड्या मंगळावर उतरल्या. स्पिरिट आणि अपॉर्च्युनिटी. दोघींचं काम ९० मंगळदिवसांचं ठरलेलं. (मंगळाचा दिवस आपल्या दिवसापेक्षा जवळजवळ ४० मिनिटांनी मोठा असतो. सकाळी अलार्म पुढे ढकलणाऱ्यांसाठी आदर्श ग्रह!) प्रत्यक्षात स्पिरिट २०१० पर्यंत बोलत राहिली आणि अपॉर्च्युनिटी २०१८ पर्यंत. ४५ किलोमीटरहून जास्त फिरली ती.

पण आमच्यासारख्यांसाठी खरी बातमी वेगळीच होती. या गाड्यांचे कच्चे फोटो पृथ्वीवर आले की थेट वेबवर पडायला लागले. शास्त्रज्ञांचे पेपर छापून येईपर्यंत थांबा, ही भानगडच नाही. पुढे २०१२ मध्ये उतरलेल्या क्युरिऑसिटीने आणि २०२१ मध्ये उतरलेल्या पर्सिव्हिअरन्सनेही तोच शिरस्ता ठेवला. आता गंमत बघा. कॅलिफोर्नियात टीम झोपलेली असते तेव्हा आपल्याकडे लख्ख दिवस असतो. म्हणजे एखादा दगड नीट निरखून पाहणारी पहिली व्यक्ती पुण्यात किंवा ठाण्यात चहा पीत बसलेली असू शकते. ही किक कुठल्याही सेलमध्ये मिळत नाही.

एक रंगीत = तीन काळे-पांढरे

आता थोडा फंडा. अपॉर्च्युनिटीच्या मुख्य कॅमेऱ्याला, म्हणजे पॅनकॅमला, रंग दिसतच नव्हता. फोटो काळा-पांढरा, १०२४ बाय १०२४ पिक्सेल, बास. कॅमेऱ्यापुढे एक फिरती चकती होती आणि तिच्यावर वेगवेगळ्या रंगांचे फिल्टर. एकाच जागेचे लाल, हिरव्या आणि निळ्या फिल्टरमधून तीन फोटो घ्यायचे आणि पृथ्वीवर ते एकावर एक चढवायचे, की झाला रंगीत मंगळ. फाइलच्या नावाच्या शेवटाकडे एल-४, एल-५, एल-६ असे कोड असतात. डाव्या डोळ्याचे हे तीन फिल्टर घेतले की रंग आपल्या नजरेच्या बऱ्यापैकी जवळ जातो.

पण गोची अशी, की गाडी दर वेळी हेच तीन फिल्टर वापरायची नाही. भूगर्भशास्त्रज्ञांना पुष्कळदा लालऐवजी एल-२ हवा असायचा. तो डोळ्यांना न दिसणारा, इन्फ्रारेडच्या बाजूचा. २००४ मध्ये यावरूनच मोठा गोंधळ झाला. गाडीवर रंग तपासण्यासाठी एक छोटं सूर्यघड्याळ बसवलेलं होतं. त्यावर 'दोन जगं, एक सूर्य' अशा अर्थाची इंग्रजी ओळ आणि चार कोपऱ्यांत चार रंगांच्या चकत्या. एका फोटोत त्यातली निळी चकती चक्क गुलाबी-लाल दिसली! झालं, 'नासा मंगळाचं निळं आकाश लपवतेय' अशी बोंब उठली. खरं कारण साधं होतं. त्या निळ्या रंगद्रव्यातून इन्फ्रारेड प्रकाश भरपूर परावर्तित होतो आणि तो फोटो लालच्या जागी बसवला होता. कच्चे फोटो सगळ्यांसमोर होते, त्यामुळे कुणालाही घरबसल्या हे पडताळून पाहता आलं. कटकारस्थानाच्या थिअरीवर यापेक्षा भारी औषध नाही.

मग मंगळाचा 'खरा' रंग कुठला? हा वाद आमच्यात कधी संपत नाही. कुणी तिथे उभं राहिल्यावर दिसेल तसा पिवळट-तपकिरी ठेवतं. कुणी पृथ्वीवरच्या उन्हात दिसेल तसा करतं, म्हणजे दगड ओळखता येतात. कुणी भडक रंग देऊन खनिजांमधला फरक दाखवतं. तिन्ही चालतात. अट एकच, काय केलंय ते सांगायचं. आणि मंगळावरचा सूर्यास्त खरोखरच निळसर असतो बरं का! हवेतली बारीक धूळ निळा प्रकाश सूर्याच्या आसपास जास्त पुढे सोडते, म्हणून.

नाद असा, की नोकरी लागली

इंग्लंडमधला डग एलिसन मेडिकल क्षेत्रासाठी मल्टिमीडियाचं काम करायचा. रोव्हरच्या फोटोंवर काम करणाऱ्या हौशी लोकांना त्याने एकत्र आणलं. २०१० मध्ये हे रोव्हर चालवणाऱ्या जेपीएलनेच त्याला नोकरी दिली. पुढे तो क्युरिऑसिटीच्या कॅमेऱ्यांच्या टीममध्ये होता.

आपल्याकडचं उदाहरण चंद्राचं आहे, पण खेळ तोच. २०१९ मध्ये चांद्रयान-२ चा विक्रम लँडर कोसळला. नासाच्या चांद्रकक्षेतल्या यानाने काढलेले फोटो खुले होते. चेन्नईचा इंजिनिअर षण्मुग सुब्रमण्यम याने जुने आणि नवे फोटो शेजारी-शेजारी लावून एकेक ठिपका ताडून पाहिला. मुख्य जागेपासून साधारण ७५० मीटरवर पडलेला एक तुकडा त्याला सापडला. डिसेंबर २०१९ मध्ये नासाने शोधाचं श्रेय त्याला नाव घेऊन दिलं. हाताशी फक्त लॅपटॉप आणि चिकाटी!

राखाडी ठेवायचं धाडस

आता माझा सगळ्यात आवडता फोटो. अपॉर्च्युनिटीचा शेवटचा पॅनोरमा. मे-जून २०१८ मध्ये गाडी एन्डेव्हर विवराच्या कडेला उभी होती आणि एकेक करून ३५४ फोटो घेत होती. तेवढ्यात धुळीचं वादळ आलं आणि सगळा ग्रह झाकून गेलं. सौर पॅनेलला ऊन मिळेना. १० जूनला शेवटचा संदेश आला. फेब्रुवारी २०१९ मध्ये मोहीम संपल्याचं जाहीर झालं.

या पॅनोरमात डाव्या कोपऱ्यात खाली काही चौकोन राखाडी आहेत. तिथले हिरव्या आणि जांभळ्या फिल्टरचे फोटो घ्यायला गाडीला वेळच मिळाला नाही. मी यावर काम करत होते तेव्हा माझा रूममेट मागे उभा होता. म्हणाला, 'अगं, शेजारची माती कॉपी-पेस्ट कर ना. कुणाला कळणारे?' खरंच कुणाला कळलं नसतं. फोटोशॉपमध्ये दोन मिनिटांचं काम. पण तो रंग मंगळाचा नसता, माझा असता. नासानेही ते चौकोन तसेच ठेवलेत. मीही ठेवले. ती गाडी कुठल्या क्षणी थांबली, हे त्या राखाडी तुकड्यांइतकं स्पष्ट दुसरं काहीच सांगत नाही.

आज एका वाक्यावर कॉम्प्युटर अख्खा मंगळ बनवून देतो आणि असले फोटो सकाळी 'गुड मॉर्निंग'सोबत मोबाइलवर येतात. अशा वेळी, 'हे माहीत आहे, हे माहीत नाही' असं फोटोतच लिहून ठेवणाऱ्यांची किंमत मला जास्तच वाटते.

करून बघायचंय?

गिम्प हे सॉफ्टवेअर फुकट आहे, पॅनोरमा जोडायला हगिनही फुकट. क्युरिऑसिटी आणि पर्सिव्हिअरन्सचे बरेचसे फोटो रंगीतच येतात, त्यामुळे सुरुवात तिथून करा. मग अपॉर्च्युनिटीचे तीन फिल्टर घेऊन बसा. वेबवरच्या जेपीजी फाइलींचा उजेड कॉम्प्युटरने आपापला ताणलेला असतो, त्यामुळे पहिला मंगळ बहुतेक हिरवट निघेल. घाबरू नका, तिन्हींचा तोल सांभाळत बसायचं. तासाभरात दगड दगडासारखा दिसायला लागतो, आणि त्या दगडाजवळ आजवर कुणीच गेलेलं नाही हे लक्षात येतं. मग उद्याची नऊची मीटिंग आठवूनही झोपावंसं वाटत नाही.