जिथे पाहिलेच नाही तिथला पुरावा

चुकीची समजूत अनुभवाने आपोआप दुरुस्त होते, ही माणसाच्या व्यवहारातील सर्वांत सर्वमान्य आणि बहुधा सर्वांत कमी तपासली गेलेली समजूत आहे. व्यापारी नफातोट्यातून शिकतो, वैद्य रोग्यांकडून शिकतो आणि संसारी माणूस टक्केटोणपे खाऊन शहाणा होतो, असे सर्वत्र मानले जाते, आणि पुष्कळ बाबतींत ते खरेही असते. विस्तवाला हात लावला की तो भाजतो आणि विस्तवाविषयीचा गैरसमज तिथेच संपतो. परंतु ज्या विधानाचा खरेखोटेपणा न तपासता त्यावर पुढचा सगळा विचार उभा केला जातो, अशा विधानाला, म्हणजेच गृहीतकाला, हा नियम लागू पडतोच असे नाही. कोणता प्रश्न विचारायचा, कोणाची नोंद ठेवायची आणि कोणती चाचणी करण्याच्याही लायकीची नाही, हे गृहीतकच आधी ठरवून टाकते, आणि त्यामुळे त्याला खोटे पाडू शकेल असा पुरावा अनेकदा जन्मालाच येत नाही.

या यंत्रणेचा प्रयोगशाळेतील पहिला नेटका नमुना लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील मानसशास्त्रज्ञ पीटर वेसन यांनी १९६० साली प्रसिद्ध केला. २, ४, ६ ही तीन आकड्यांची मालिका एका नियमात बसते, एवढेच सहभागी विद्यार्थ्यांना सांगण्यात आले. त्यांनी स्वतः नव्या मालिका सुचवायच्या, प्रत्येक मालिका नियमात बसते की नाही हे प्रयोगकर्ता सांगणार, आणि पुरेशी खात्री पटली की त्यांनी नियम जाहीर करायचा, अशी पद्धत होती. बहुतेकांच्या मनात दोनदोनने वाढणाऱ्या सम संख्यांसारखा एखादा नियम लगेच उभा राहिला, त्यांनी ८, १०, १२ किंवा २०, २२, २४ अशा मालिका सुचवल्या, प्रत्येक वेळी होकार मिळाला आणि प्रत्येक होकाराबरोबर त्यांची खात्री वाढत गेली. प्रत्यक्षात नियम केवळ चढत्या क्रमातील कोणतेही तीन आकडे एवढाच होता, आणि ५, १७, ९० सारखी एखादी विचित्र मालिका सुचवली असती तर गैरसमज तत्काळ उघडा पडला असता. २९ विद्यार्थ्यांपैकी एकही चुकीचे उत्तर न देता थेट बरोबर नियमापर्यंत पोहोचलेले केवळ ६ जण होते.

या प्रयोगावरून माणसे मुळातच हटवादी असतात असा निष्कर्ष पुढे वारंवार काढला गेला, पण तो उथळ आहे. जोशुआ क्लेमन आणि यंग-वॉन हा या संशोधकांनी १९८७ साली दाखवून दिले की आपले म्हणणे जिथे खरे ठरेल असे वाटते तिथेच तपासणे, म्हणजे होकाराच्या दिशेने चाचणी घेणे, ही एरवी चांगलीच उपयुक्त पद्धत असते. खरा नियम गृहीतकापेक्षा अरुंद असेल तर अशाच चाचणीतून नकार मिळतो आणि चूक सापडते. मात्र खरा नियम गृहीतकापेक्षा रुंद असला, तर होकाराच्या कितीही चाचण्या घेतल्या तरी चूक कधीच सापडत नाही. म्हणजे दोष हट्टाचा कमी आणि शोधाच्या दिशेचा अधिक आहे, आणि प्रामाणिक, मेहनती, हुशार माणसेही वर्षानुवर्षे एकाच चुकीत का राहतात याचे उत्तर इथे मिळू लागते.

जठर आणि लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागातील व्रणाचा, म्हणजे रोजच्या बोलण्यातल्या अल्सरचा, इतिहास या दृष्टीने तपशिलात पाहण्याजोगा आहे. कार्ल श्वार्ट्झ या शल्यविशारदाने १९१० साली मांडलेले, आम्ल नसेल तर व्रणही नाही, हे सूत्र विसाव्या शतकातील वैद्यकाने पायाभूत मानले आणि त्याला लागून आणखी एक विधान रूढ झाले, ते असे की इतक्या तीव्र आम्लात कोणताही जिवाणू तग धरू शकत नाही, सबब जठर निर्जंतुक असते. ही समजूत कोणी तपासलीच नाही असे मात्र नव्हते. एडी पामर या अमेरिकी डॉक्टरांनी १९५४ साली हजाराहून अधिक रुग्णांच्या जठरातील ऊतींचे नमुने सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले आणि जिवाणू नसल्याचा निर्वाळा दिला; परंतु त्यांनी नमुन्यांना दिलेला नेहमीचा रंग हा जिवाणू स्पष्टपणे दाखवू शकणारा नव्हता. नमुने हजार असोत वा लाख, पद्धतच जर आंधळी असेल तर संख्येने केवळ आत्मविश्वास वाढतो.

ऑस्ट्रेलियातील पर्थ शहराच्या रुग्णालयात रॉबिन वॉरन या विकृतिशास्त्रज्ञाने, म्हणजे रोगट ऊतींचा अभ्यास करणाऱ्या तज्ज्ञाने, १९७९ पासून चांदीच्या संयुगांचा वापर करणाऱ्या रंजनपद्धतीने असेच नमुने पाहिले, तेव्हा त्याला वक्राकार जिवाणूंचे थवे दिसले. १९८१ पासून बॅरी मार्शल हा तरुण डॉक्टर त्याच्याबरोबर काम करू लागला आणि दोघांनी तो जिवाणू प्रयोगशाळेत वाढवून दाखवण्याचा प्रयत्न आरंभला, पण तबकड्यांवर काहीच उगवेना. प्रयोगशाळेचा शिरस्ता असा होता की दोन दिवसांत वाढ दिसली नाही तर तबकडी टाकून द्यायची, कारण परिचित रोगजंतू तेवढ्या अवधीत वाढतात. १९८२ साली ईस्टरच्या सुट्टीमुळे काही तबकड्या आणखी काही दिवस तशाच राहून गेल्या, आणि सुट्टीनंतर त्यांवर पुढे हेलिकोबॅक्टर पायलोरी या नावाने ओळखल्या गेलेल्या जिवाणूची वाढ झालेली आढळली; तो सावकाश वाढणारा होता, एवढेच. आधीच्या प्रत्येक रिकाम्या तबकडीने जठर निर्जंतुक असल्याची साक्ष दिली होती आणि ती साक्ष दोन दिवसांच्या नियमाने घडवलेली होती.

आम्लाच्या गृहीतकाला बाजाराचाही भक्कम टेकू मिळाला होता. जठरातील आम्ल कमी करणारे सिमेटिडिन हे औषध १९७६ साली ब्रिटनमध्ये विक्रीला आले, त्यामागील संशोधनासाठी जेम्स ब्लॅक यांना पुढे १९८८ चे नोबेल मिळाले, आणि त्याच जातीचे रॅनिटिडिन हे ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस विक्रीच्या रकमेनुसार जगात सर्वाधिक खपणारे औषध ठरले. औषध घेतले की व्रण भरत असे, बंद केले की बहुधा परत उद्भवत असे, आणि त्याचा अर्थ रुग्णाची प्रकृतीच आम्लप्रधान आहे किंवा त्याच्या आयुष्यात ताण फार आहे असा लावला जाई. व्रण भरणे हाही आम्लसिद्धान्ताचा पुरावा आणि तो परत येणे हाही त्याचाच पुरावा, अशी ही दुहेरी सोय होती. मार्शलने १९८४ साली जिवाणूंचे द्रावण स्वतः पिऊन जठराचा दाह ओढवून घेतला, ही गोष्ट आता दंतकथेसारखी सांगितली जाते, पण मतपरिवर्तन त्या एका घोटाने झाले नाही. जिवाणू नष्ट केल्यास व्रण परतत नाही हे दाखवणाऱ्या चाचण्या साचत गेल्या आणि १९९४ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने बोलावलेल्या तज्ज्ञमंडळाने प्रतिजैविकांच्या उपचाराची शिफारस केली. वॉरन आणि मार्शल यांना २००५ चे नोबेल मिळाले. आम्लाची भूमिका यामुळे रद्द झाली असे नाही, आणि काही वेदनाशामक औषधांमुळे होणारे व्रण जिवाणूविनाही होतात. जुने गृहीतक निखालस खोटे नव्हते, ते अपुरे होते, आणि अपुरी समजूत हटवणे हे खोटी समजूत हटवण्यापेक्षा अवघड जाते.

व्यापारात गृहीतक आणि बाजार यांचा संबंध वेसनच्या आकड्यांइतकाच सरळ असू शकतो. हिंदुस्थान लिव्हरने १९५९ साली भारतात सर्फ ही धुण्याची पावडर आणली तेव्हा असा माल शहरी मध्यमवर्गासाठीच असतो, बाकीची घरे साबणाच्या वडीवर भागवतात, हे धरून किंमत ठरली, आणि विक्रीचे आकडे वर्षानुवर्षे हेच सांगत राहिले, कारण त्या किमतीला दुसरे कोणी घेणेच शक्य नव्हते. गुजरात सरकारच्या सेवेतील रसायनज्ञ करसनभाई पटेल यांनी १९६९ साली घरी तयार केलेली निरमा पावडर अहमदाबादेत सायकलवरून, सर्फपेक्षा कितीतरी कमी किमतीत विकायला सुरुवात केली, आणि ऐंशीच्या दशकाच्या मध्यापर्यंत तिचा खप सर्फच्या पुढे गेला. खरा बाजार गृहीतकापेक्षा रुंद होता आणि जुन्या ग्राहकांचे कोणतेही सर्वेक्षण हे सांगू शकले नसते, कारण नवे ग्राहक त्या यादीत नव्हतेच. दशकाच्या अखेरीस हिंदुस्थान लिव्हरने व्हील ही स्वस्त पावडर आणली, ती याच धड्याची कबुली होती.

जे नाकारले गेले त्याची नोंद न उरणे, हा नोकरभरतीत आणि प्रवेशप्रक्रियेत जवळपास रोजचा प्रकार आहे. हिलेल आइनहॉर्न आणि रॉबिन होगार्थ या मानसशास्त्रज्ञांनी १९७८ साली दाखवले, की निवडलेले उमेदवार बरे काम करतात एवढे पाहून निवडणाऱ्याचा स्वतःच्या पारखीवरील विश्वास वाढतो, परंतु नाकारलेल्यांनी कसे काम केले असते हा तुलनेचा दुसरा अर्धा भाग त्याला कधी दिसत नाही. शिवाय निवडलेल्यांना संधी, प्रशिक्षण आणि कौतुकही मिळते, त्यामुळे त्यांच्या यशात निवडीचा वाटा किती हे वेगळे काढता येत नाही. हा दुसरा अर्धा भाग एकदा अपघाताने दिसला. ह्यूस्टन येथील टेक्सास विद्यापीठाच्या वैद्यकीय शाळेने १९७९ साली सुमारे ८०० अर्जदारांच्या मुलाखती घेऊन त्यांची क्रमवारी लावली आणि वरच्या क्रमांकांतून १५० विद्यार्थी निवडले, त्यानंतर राज्याच्या विधिमंडळाने आणखी ५० जागा भरण्यास सांगितले, आणि तोवर हाताशी उरलेले अर्जदार क्रमवारीच्या तळाशी, सातशेच्या पुढे होते. या दोन्ही गटांच्या शिक्षणातील आणि नंतरच्या प्रत्यक्ष रुग्णसेवेच्या प्रशिक्षणातील कामगिरीत उल्लेखनीय फरक आढळला नाही, असे १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नोंदवले आहे. अर्ज करून मुलाखतीपर्यंत पोहोचलेले सगळेच पुरेसे लायक होते, असा याचा एक अर्थ लावता येतो. पण मग मुलाखतीने नेमके काय निवडले, हा प्रश्न उरतोच.

नाकारलेल्यांचे काय झाले असते हे कळावे म्हणून काही कर्ज देणाऱ्या संस्था एक मुद्दाम केलेला तोटा पत्करतात, तो असा की ज्यांना नियमानुसार नकार द्यायचा अशा अर्जदारांपैकी थोड्यांना चिठ्ठ्या टाकाव्यात त्याप्रमाणे यादृच्छिक निवडून कर्ज दिले जाते आणि त्यांची परतफेड तपासली जाते. अशा प्रयोगातील बुडीत रक्कम हिशेबात ठळक दिसते, परंतु नाकारलेल्या चांगल्या ऋणकोंमुळे हुकलेला नफा कोणत्याही ताळेबंदात नसतो, आणि म्हणूनच काटकसरीची वेळ आली की सर्वांत आधी असले प्रयोग बंद पडण्याचा धोका असतो.

गृहीतक केवळ एकेका डोक्यात राहत नाही. इतरांच्या डोक्यात काय आहे याविषयीचे गृहीतक हा त्याचा आणखी चिवट प्रकार होय. सौदी अरेबियातील रियाध शहरात लिओनार्डो बर्स्टिन आणि सहकाऱ्यांनी ५०० तरुण विवाहित पुरुषांवर केलेल्या, २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, स्त्रियांनी घराबाहेर नोकरी करण्यास फार मोठ्या बहुसंख्येचा खासगीत पाठिंबा आढळला, पण आपल्यासारखेच इतरांनाही वाटते हे बहुतेकांना ठाऊक नव्हते. खरा आकडा ज्यांना सांगितला गेला त्यांनी पत्नीचे नाव नोकरी मिळवून देणाऱ्या सेवेत नोंदवण्याची तयारी इतरांपेक्षा अधिक दाखवली. एकमेकांच्या मौनाला विरोध समजणाऱ्या अशा घरांत आणि कचेऱ्यांत कोणीही खोटे बोलत नसतो, फक्त कोणी विचारत नसतो.

दवाखान्यातील नोंदी म्हणजेच समाजातील आजार, या गृहीतकाची एक कसून तपासणी महाराष्ट्रातच झाली. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत दवाखान्यात येणाऱ्यांपुरते न थांबता गावातील ६५० स्त्रियांची तपासणी केली, तेव्हा ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोगांपैकी एक वा अधिक विकार असल्याचे आढळले, आणि त्यांपैकी पूर्वी कधी अशी तपासणी झालेल्या केवळ ८ टक्के होत्या. १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या या निष्कर्षांपूर्वी ग्रामीण स्त्रीचे आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन एवढेच धरले जात होते, स्त्रिया त्यासाठीच येत, म्हणून सेवा तेवढीच, आणि सेवा तेवढीच म्हणून स्त्रिया त्यासाठीच येत.

बंग दाम्पत्याच्या संस्थेने, म्हणजे ‘सर्च’ने, पुढे आजारी नवजात बाळाचा उपचार रुग्णालयातच होऊ शकतो हे गृहीतक हाती घेतले. ३९ गावांत प्रशिक्षित केलेल्या गावातल्याच आरोग्यदूत स्त्रिया बाळांना घरी जाऊन तपासत, ऊब आणि स्तनपानाची काळजी घेत, आणि जंतुसंसर्गाची लक्षणे दिसल्यास प्रतिजैविकाचे इंजेक्शनही देत. तुलनेसाठीच्या ४७ गावांशी पडताळता तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला, असे १९९९ साली प्रसिद्ध झाले. २०११ पासून ‘आशा’ कार्यकर्त्यांमार्फत घरोघरी नवजात बालसेवा हा राष्ट्रीय कार्यक्रम झाला, त्यात घरभेटी आल्या, वजन आणि तापमान मोजणे आले, धोक्याची लक्षणे ओळखून रुग्णालयात पाठवणे आले. आशांच्या हाती इंजेक्शन मात्र देण्यात आले नाही. आशा ते सुरक्षितपणे देऊ शकतील काय, या प्रश्नावर देशभराचा अनुभव त्यामुळे साठलेला नाही.