प्रत्येकाला 95 गुण, साखळीला 81

दुकानातल्या फळीवरची वस्तू तेथे पोहोचण्यापूर्वी अनेक कंपन्यांच्या हातांतून गेलेली असते. कच्चा माल पुरवणारा, कारखानदार, घाऊक वितरक आणि किरकोळ दुकानदार यांच्या या व्यवस्थेला पुरवठा साखळी म्हणतात. प्रत्येक कंपनी आपापले काम मोजतेच. मग सर्वांचे मिळून वेगळे मोजमाप कशाला?

एक साधा गुणाकार करून पाहू. समजा, चारही जण 100 पैकी 95 वेळा वेळेवर माल देतात. एकाचा उशीर दुसऱ्यावर अवलंबून नसेल आणि तो भरून काढायला शिल्लक साठाही नसेल, तर चारही टप्पे वेळेवर पार पडण्याची शक्यता 0.95 × 0.95 × 0.95 × 0.95, म्हणजे सुमारे 0.81 उरते. गिऱ्हाइकाला अनुभव येतो तो या 81चा.

साठ्याचे गणित याहून फसवे. समजा, दुकानात 10, वितरकाकडे 20 व कारखान्यात 30 दिवस पुरेल इतका माल आहे. वितरकाने 15 दिवसांचा साठा कारखान्याच्या माथी मारला, तर त्याची कामगिरी सुधारलेली दिसेल. साखळीतला साठा मात्र 60 दिवसांचाच राहील.

एकमेकांचे आकडे न दिसल्यास काय होते, हे प्रॉक्टर अँड गॅम्बल या अमेरिकन कंपनीला डायपरच्या धंद्यात आढळले. दुकानांतील विक्री फारशी हलत नव्हती. तरी वितरकांच्या मागणीत मोठे चढउतार होते आणि कंपनीने कच्च्या मालासाठी नोंदवलेल्या मागणीत त्याहूनही मोठे. चाबकाची मूठ जराशी हलली तरी टोक जोरात फटकारते, तसाच हा प्रकार. अशा वाढत जाणाऱ्या चढउतारांचे विश्लेषण एमआयटीतील जे फॉरेस्टर यांनी 1961 मधील आपल्या पुस्तकात केले होते.

म्हणून दोन मापे सर्वांनी मिळून ठेवावी लागतात: शेवटच्या गिऱ्हाइकाला योग्य माल, पूर्ण व वेळेवर किती वेळा मिळाला, आणि साखळीत एकूण साठा किती. यात खरी अडचण गणिताची नसून विश्वासाची आहे. बचतीचा फायदा एकालाच मिळणार असेल, तर बाकीचे आपले आकडे उघड करतील कशाला?

हे वर्गातही करून पाहता येईल. चार विद्यार्थ्यांना साखळीतील चौघांच्या भूमिका द्याव्यात. न बोलता, फक्त चिठ्ठीने मागणी पुढे पाठवायची आणि माल दोन फेऱ्या उशिरा मिळेल असे ठरवायचे. नंतर चौघांच्या मागणीचे आलेख एकाच कागदावर काढून पाहावेत.