ऑनलाइन चंदा : देणाऱ्याला काय विचारावे?

रमजानमध्ये शहागंज, सिटी चौकातल्या दुकानांतून पावतीबुके फिरत असत. आता मदरसा असो की कुणाचे ऑपरेशन, मोबाईलवर क्यूआर कोड येतो. पैसा क्षणात जमा होतो. पण खात्यात दिसते फक्त नाव आणि रक्कम. जकात, सदका की इमदाद, हे पावतीवर लिहिलेले असे. तेच विचारले नाही, तर जकातीचा पैसा सिमेंट-वाळूत जातो आणि देणाऱ्याची जकात अडकते.

दुसरा प्रश्न पासपोर्टचा. भारतीय पासपोर्टवर जेद्दाहला नोकरी करणाऱ्याने स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत पाठविलेली रक्कम विदेशी अंशदान ठरत नाही. पण अमेरिकेचे नागरिकत्व घेतलेला विश्वस्ताचा सख्खा भाऊ जरी संस्थेला पैसे पाठवील, तरी ती विदेशी रक्कमच. २०१० च्या कायद्याप्रमाणे केंद्राची नोंदणी किंवा परवानगी नसताना ती घेणे गुन्हा आहे. नाव वाचून हे कळत नाही, विचारावेच लागते.

आयकराची सूट मिळवून देणाऱ्या संस्थांना २०२१-२२ पासून दात्यांची यादी आयकर खात्याला द्यावी लागते. म्हणून सूट हवी असेल त्याचा पॅन नंबर घ्यावा.

याहून जास्त कशाला? आधारची झेरॉक्स, जन्मतारीख मागू नये. (काही मंडळी तर घरातली माणसेही मोजतात!) आणि कुणी ५० दिले, कुणी ५ हजार, ही यादी व्हॉट्सअॅपवर टाकण्याची हौस आवरावी. नाव फक्त पावतीवर राहील, हे क्यूआर कोडाखालीच छापावे.