लेबलावर न छापलेला आकार

कॉलरमागच्या पट्टीवर ‘100% पॉलिएस्टर’ एवढं वाचलं की आपण निकाल देऊन मोकळे होतो. चमकणार, घाम येणार, अंगाला चिकटणार. पण लग्नातली चकचकीत साडी पॉलिएस्टरची असते, शाळेच्या गणवेशाची बिनचमकेची पँटही त्याचीच, उशीतली भरण त्याची आणि मॅरेथॉन पळणाऱ्याचा हलका टीशर्टही त्याचाच. रसायन एकच आहे. फरकाचा काही भाग विणीतून येतो, काही सुताच्या पिळातून, काही वरून केलेल्या प्रक्रियेतून. मोठा वाटा मात्र तंतूच्या काटछेदाचा असतो. तंतू आडवा कापून सूक्ष्मदर्शकाखाली धरला तर दिसेल तो आकार म्हणजे काटछेद. तो गोल असतो, तिकोनी असतो, पोकळ, चपटा किंवा खाचांचाही असतो. लेबलावर तो छापत नाहीत, आणि कृत्रिम धाग्यांविषयीचे बरेचसे गैरसमज तिथेच सुरू होतात.

गैरसमज: जसं छिद्र, तसा तंतू

हा समज स्वयंपाकघरातून येतो. सोऱ्यात चांदणीची चकती घातली की काटेरी चकली पडते, बारीक भोकांची घातली की शेव. कारखान्यातही चकतीच असते. तिला स्पिनरेट म्हणतात. जाड पोलादाच्या या चकतीत कधी चोवीस-छत्तीस छिद्रं असतात, तर कापसासारखे आखूड तंतू काढायचे असतील तेव्हा हजारो. सुमारे 280 ते 290 अंश सेल्सिअसला वितळलेलं पॉलिएस्टर पंपाच्या दाबाने तिच्यातून बाहेर काढतात. सोऱ्याशी साम्य इथेच संपतं. चकलीचं पीठ पडलं तसं राहतं, वितळलेलं पॉलिमर राहत नाही.

छिद्रातून जाताना पॉलिमरच्या लांबलचक साखळ्या ताणल्या गेलेल्या असतात. बाहेर पडताक्षणी त्या आक्रसतात आणि धार छिद्रापेक्षाही जाड फुगते. त्याच वेळी पृष्ठताण प्रत्येक कोपरा गोल करायला बघतो. आणि खालचं गुंडाळणीचं यंत्र ती धार मिनिटाला 3,000 मीटरहून अधिक वेगाने खेचत असतं, म्हणजे ताशी 180 किलोमीटर. पाव मिलिमीटरच्या छिद्रातून निघालेला तंतू शेवटी 10 ते 20 मायक्रॉनचा उरतो. म्हणजे छिद्रातून बाहेर पडल्यावरच आकार ठरायला सुरुवात होते.

म्हणून त्रिकोणी तंतूसाठी त्रिकोणी छिद्र पाडून भागत नाही. बाजू फुगतात आणि हाती जवळजवळ गोल तंतू येतो. त्यासाठी तीन अरुंद फटी मध्यभागी जुळवून इंग्रजी ‘वाय’ अक्षरासारखं छिद्र पाडावं लागतं. ही फट मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढी किंवा त्याहूनही अरुंद असते. तिच्यातून निघालेली धार फुगता फुगता तीन पाकळ्यांची होते. पाकळ्या किती ठसठशीत राहतील ते पॉलिमर किती घट्ट आहे आणि थंड हवेचा झोत किती लवकर लागतो यावर ठरतं. तापमान थोडं चढलं की पॉलिमर पातळ होतं आणि पाकळ्या विरघळल्यासारख्या गोल होतात. फार उतरवलं तर तंतू तुटू लागतो. या दोन टोकांमधली जागा सांभाळणं हीच स्पिनिंग विभागाची रोजची कसोटी.

पोकळ तंतूचं तर अनेकांना कोडंच असतं. छिद्राच्या मधोमध सुई अडकवलेली असणार, असं वाटतं. साध्या पोकळ पॉलिएस्टरसाठी तशी गरज पडत नाही. वर्तुळाच्या तीन-चार कमानी एकमेकींपासून किंचित दूर कोरतात. प्रत्येक कमानीतून निघालेला पापुद्रा फुगतो, शेजारच्याला चिकटतो, आणि कडं बंद होण्याआधी फटींतून हवा आत शिरून बसते. बाहेर पडल्यावर फुगण्याची जी खोड त्रिकोणाला नडते, तिच्याच जोरावर इथे नळी तयार होते. मला हा सगळ्या विषयातला सर्वांत देखणा भाग वाटतो.

उलट बाजूचा पुरावा व्हिस्कोसमध्ये आहे. कल्याणजवळ शहाडच्या सेंच्युरी रेयॉनमध्ये अनेक दशकं व्हिस्कोसचं फिलामेंट, म्हणजे अखंड तंतूंचं, सूत निघतं. व्हिस्कोस वितळवत नाहीत; सेल्युलोजचं द्रावण सल्फ्युरिक आम्ल आणि क्षारांच्या कुंडात सोडतात. आम्लाला टिकावा म्हणून स्पिनरेट सोनं-प्लॅटिनमच्या मिश्रधातूचा किंवा टँटलमचा करतात. छिद्रं गोल, तरी नेहमीच्या व्हिस्कोस तंतूच्या कडा करवतीसारख्या दातेरी येतात. कारण बाहेरची साल आधी घट्ट होते, मग आतला द्रव निघून जातो आणि साल आत ओढली जाऊन सुरकुतते. छिद्र गोल आणि तंतू दातेरी, हे इथे रोजचंच.

आता या चकतीजवळ जरा थांबू. तिच्या खालच्या तोंडावर हळूहळू जळकट थर साचतो. एखाद्या छिद्राच्या कडेला कण चिकटला की धार वाकते आणि शेजारच्या धारेला जाऊन मिळते. म्हणून ठरावीक तासांनी ‘वायपिंग’ करतात. कामगार मान वर करून, तिरका उजेड टाकून तोंड न्याहाळतो, पितळी पट्टीने थर खरवडतो, सिलिकॉनचा फवारा मारतो, आणि तुटलेल्या धारा पुन्हा नीट पडू लागल्या की खाली सूत लावून देतो. चकती उतरवल्यावर ती स्वच्छ करून सूक्ष्मदर्शकाखाली एकेक छिद्र तपासतात. ‘वाय’च्या तीन फटींपैकी एक अर्धवट बुजलेली राहिली तर एक पाकळी आखूड निघते आणि ते सूत वेगळं चमकतं. विणलेल्या कापडात मग पट्टा दिसतो, आणि गिऱ्हाईक दोष देतं रंगाऱ्याला.

गैरसमज: पॉलिएस्टर म्हणजे चमक आलीच

चमक ही पॉलिएस्टरची जात नव्हे. गोल तंतूत टायटॅनियम डायऑक्साइडची पूड घातली की प्रकाश विखुरतो. सुमारे 0.3 टक्के पुडीने ‘सेमी डल’ सूत होतं, त्याच्या काही पटींनी घातली की ‘फुल डल’. भिवंडीच्या सूतबाजारात हे शब्द रोजचे आहेत, आणि ‘ट्रायलोबल ब्राइट’ही. ट्रायलोबल म्हणजे तीन पाकळ्यांचा. त्याच्या सपाटसर बाजूंवरून प्रकाश परावर्तित होतो आणि तंतू किंचित वळला की लकाकी हलते. भरतकामाच्या यंत्राला लागणारा झळाळता पॉलिएस्टर दोरा बहुधा याच जातीचा.

ही कल्पना रेशमावरून आली. डिंक काढलेल्या रेशमी तंतूचा काटछेद गोलसर कोपऱ्यांच्या त्रिकोणाचा असतो आणि रेशमाच्या झळाळीत त्याचा मोठा हात आहे. चिकट द्रवातून कृत्रिम रेशीम काढता येईल, हा विचार रॉबर्ट हूकने 1665 सालच्या ‘मायक्रोग्राफिया’त मांडला होता. जोसेफ स्वान यांनी 1883 च्या सुमारास नायट्रोसेल्युलोजचं द्रावण बारीक छिद्रातून दाबून तंतू काढले, तेही विजेच्या दिव्यासाठी. पण रेशमाचा त्रिकोण हाती यायला विसावं शतक अर्धं सरावं लागलं. तीन पाकळ्यांच्या तंतूचं पेटंट ड्यूपाँटला 1960 साली मिळालं. त्याच ड्यूपाँटच्या तंत्रज्ञानावर रिलायन्सने 1982 मध्ये रायगड जिल्ह्यात पाताळगंगेला पॉलिएस्टर फिलामेंट सुताचा कारखाना सुरू केला.

रेशमाचा त्रिकोण कृत्रिम तंतूत आल्याचा एक व्यावहारिक परिणाम आहे. साडी झळाळते म्हणून ती रेशमी, हा डोळ्यांचा पुरावा आता पुरत नाही. पदराच्या आतला एखादा धागा काढून जाळून बघावा. रेशीम जळताना केस जळल्यासारखा वास येतो आणि राख बोटांत चुरते. पॉलिएस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो.

गालिच्यांत तर तिकोनी तंतू चमकेपेक्षा मळ लपवण्यासाठी वापरला गेला. गोल पारदर्शक तंतू भिंगाचं काम करतो, पलीकडचा धुळीचा कण मोठा करून दाखवतो. पाकळ्यांचा किंवा आतून पोकळ्या असलेला तंतू प्रकाश विखुरतो, म्हणून तेवढीच धूळ कमी दिसते. कमी दिसते, कमी असत नाही. झाडू मारायचा कंटाळा करणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

गैरसमज: पोकळ तंतू म्हणजे हलका माल

गादीवाल्याकडे ‘रेक्रॉन’ची उशी मागतात तेव्हा आत बहुतेकदा पोकळ पॉलिएस्टर असतं. पोकळी म्हणजे मालात केलेली चोरी नव्हे. ऊब देते ती स्थिर हवा. पॉलिमर फक्त ती हवा अडवून धरतं. तेवढ्याच वजनात पोकळ तंतू जास्त जागा भरतो आणि दाबल्यावर परत उसळतो. त्याला स्प्रिंगसारखे वेटोळेही असतात. ते पाडण्याचा एक मार्ग म्हणजे तंतूच्या एका बाजूला लवकर थंड करणं, दुसरा म्हणजे कमी-जास्त आक्रसणारी दोन पॉलिमर शेजारी-शेजारी काढणं. लोकरीच्या केसातही अशाच दोन बाजू असतात, म्हणून ती कुरळी. उशी वर्षभरात चपटी झाली तर मात्र भरण निकृष्ट होती, आकाराचा दोष नव्हे.

गैरसमज: बारीक तंतूला बारीक छिद्र

एक डेनियर म्हणजे 9,000 मीटर लांबीचं वजन एक ग्रॅम; पॉलिएस्टरचा असा गोल तंतू साधारण 10 मायक्रॉनचा. त्याच्या दहाव्या हिश्श्याचा तंतू छिद्र लहान करत मिळवायला गेलं तर किंचितशा कचऱ्याने छिद्र तुंबतं आणि हवेच्या झोताने तंतू तुटतो. जपानच्या तोरे कंपनीतले मियोशी ओकामोतो यांनी वेगळी वाट काढली. एकाच जाड तंतूत एका पॉलिमरच्या ‘समुद्रा’त दुसऱ्याची अनेक ‘बेटं’ ओवून तंतू काढायचा, कापड करायचं, मग समुद्र विरघळवून टाकायचा. उरतात ती सुटी, अतिबारीक बेटं. 1970 साली त्यातून अल्ट्रास्वेड हे मऊ चामड्यासारखं कापड जन्मलं.

आपल्या घरात याचा चुलतभाऊ आहे. गाडी पुसायच्या मायक्रोफायबर फडक्यावर ‘80% पॉलिएस्टर, 20% नायलॉन’ लिहिलेलं असतं. वाटतं, दोन प्रकारचे तंतू मिसळले असावेत. चांगल्या फडक्यात ही दोन्ही मुळात एकाच तंतूच्या आत असतात, पाकळीला पाकळी लागून. नंतर प्रक्रियेत त्या पाकळ्या फुटून सुट्या होतात. त्यांच्या कडा टोकदार असतात, म्हणून धूळ आणि तेल त्या उचलून धरतात. फडकं न फुटलेल्या तंतूंचं असेल तर टक्केवारी तीच राहते, पण ते पुसत नाही, नुसतं फिरतं. या फडक्यांची दुसरी बाजूही सांगायला हवी: दोन पॉलिमर इतकी बिलगलेली असली की पुनर्वापरासाठी ती वेगळी करणं फार कठीण होतं.

गैरसमज: रंगाशिवाय रंग नाही

जपानच्या तैजिन कंपनीने मॉर्फोटेक्स नावाचा तंतू काढला होता. मॉर्फो फुलपाखराच्या पंखात निळं रंगद्रव्य नसतं. सूक्ष्म थरांतून परतणाऱ्या प्रकाशलहरी एकमेकींत मिसळून निळा रंग दिसतो. त्याच धर्तीवर या चपट्या तंतूत पॉलिएस्टर आणि नायलॉनचे मिळून 61 थर होते, प्रत्येक सुमारे 70 नॅनोमीटरचा. थराची जाडी बदलली की रंग बदले. त्याचं उत्पादन पुढे थांबलं.

गैरसमज: खेळाचा टीशर्ट घाम शोषतो

जाहिरातीतलं सगळ्यांत चुकीचं क्रियापद हेच. पॉलिएस्टर स्वतःत जेमतेम 0.4 टक्के ओलावा धरतं. कापूस 8 टक्क्यांच्या आसपास. सुती बनियन घाम पितं आणि ओलं राहतं. पॉलिएस्टरला घाम पिता येत नाही, त्याला तो फक्त पृष्ठभागावरून वाहून नेता येतो. ड्यूपाँटने 1986 मध्ये आणलेल्या कूलमॅक्सच्या तंतूला लांबीभर खाचा होत्या. खाचेमुळे पृष्ठभाग वाढतो आणि केशाकर्षणाने घाम त्या अरुंद वाटेने सरकतो. त्वचेवरचा थेंब कापडभर पातळ पसरला की लवकर उडतो. तंतूंच्या मधल्या फटीही हे काम करतात, त्यामुळे गोल तंतूचं कापडही थोडं चालतं. खाचा त्यात भर घालतात.

पण पसरलेला घाम उडायला हवा कोरडी लागते. नाशिक-पुण्याच्या हिवाळ्यात हा टीशर्ट जितका सुखाचा, तितका जूनच्या मुंबईत किंवा पणजीत नाही. हवा आधीच ओलीचिंब असेल तर खाच घाम नेईल कुठे? दमट किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी मला विचारलं तर मी सैल कापलेला, जाळीदार विणीचा टीशर्ट आधी सुचवीन, खाचांची चौकशी नंतर.

शिवाय बाजारातले अनेक स्वस्त ‘ड्राय’ टीशर्ट साध्या गोल तंतूचेच असतात. वर पाणी ओढणारं रसायन चढवलेलं असतं, आणि हलक्या प्रतीचं असेल तर ते धुण्याबरोबर उतरत जातं. पारख घरी करता येते. नव्या कापडावर पाण्याचा थेंब टाकून तो किती लवकर पसरतो ते बघावं, आणि काही धुण्यांनंतर पुन्हा टाकावा. थेंब मण्यासारखा उभा राहिला तर गुण वरच्या रसायनात होता. पसरला तर तंतूचा आकार किंवा टिकाऊ प्रक्रिया कामाला येते आहे. अशा कपड्याला फॅब्रिक सॉफ्टनर लावू नये. त्यातला मेणचट थर तंतूवर बसतो आणि खाचा बुजवतो. लावला गेलाच असेल तर सॉफ्टनर न घालता, लेबलावर चालेल म्हटलंय तेवढ्या कोमट पाण्यात आणि साबणात कपडा काही वेळा धुवावा आणि थेंब पुन्हा टाकून बघावा.