कुंभक आणि बुडी

लहानपणी विहिरीत बुडी मारून आकडे मोजण्याची पैज आम्ही लावत असू. बुडीपूर्वी भराभर श्वास घेणारा एक सवंगडी पाण्यातच बेशुद्ध झाला. वर ओढला म्हणून वाचला. कारण मला पुढे वाचनातून कळले. श्वासाची तळमळ होते ती मुख्यतः रक्तात कार्बन डायऑक्साइड साचल्यामुळे. भराभर श्वासाने तो आधीच निघून जातो. मग इशारा मिळण्यापूर्वीच शुद्ध हरपते.

श्वास रोखणे म्हणजे कुंभक. योगाभ्यासी फ्रेंच पाणबुडे जाक मायोल १९७६ साली एल्बा बेटाजवळ एका श्वासात १०० मीटर खोल गेले. चेहऱ्याला गार पाणी लागताच नाडी मंदावते. मन शांत असेल तर प्राणवायूही कमी खर्ची पडतो. कुंभक ही पैज नव्हे, देहाचा इशारा ऐकण्याची साधना आहे. म्हणून मित्रहो, एकट्याने बुडी मारू नका.