दाण्याआधी पाणी

फेब्रुवारी सरत आला की फजरच्या अजानच्या मागोमाग एक शीळ कानावर येऊ लागते. छपराच्या टोकावर, विजेच्या तारेवर किंवा आंब्याच्या शेंड्यावर बसून दयाळ पक्ष्याचा नर गात असतो. काळापांढरा, शेपूट वर उचलून बसणारा, साधारण बुलबुलाएवढा हा पक्षी हिवाळाभर जवळजवळ गप्प असतो. वसंत लागला की ‘ही जागा माझी आहे’ असे तो इतर नरांना बजावतो आणि मादीला साद घालतो. याच दिवसांत चिमण्या चोचीत काडी धरून भिंतीच्या भोकात शिरताना दिसतात. शिंजिराची मादी ओसरीतल्या तारेला आपली लोंबती पिशवी बांधायला घेते. मेंदीच्या कुंपणात बुलबुलाच्या जोडीची ये-जा सुरू होते. थोडक्यात, पक्ष्यांच्या घरी बाळंतपण आलेले असते.

आपल्या घरांतून पक्ष्यांना दाणे टाकण्याची रीत जुनीच आहे. दादी-नानी तांदूळ पाखडायला बसल्या की सुपातली कणी अंगणात पडायची आणि चिमण्या पायाशी येऊन टिपायच्या. आज धान्य निवडून, पिशवीत बंद होऊन घरी येते. पाखडणे संपले, तशी ती कणीही संपली. तरी मूठभर दाणे गच्चीवर टाकणारी घरे अजून पुष्कळ आहेत. त्यामागची नियत चांगलीच आहे. पण मार्च ते जून या काळात पक्ष्याची गरज नुसत्या दाण्याने भागत नाही. त्याला आधी पाणी हवे असते, मग पिलांसाठी किडे आणि घरट्यासाठी निर्धास्त जागा. दाण्याचा क्रम त्यानंतर लागतो.

पाण्याचे भांडे

पक्ष्यांना घाम येत नाही, कारण त्यांच्या कातडीत घामाच्या ग्रंथीच नसतात. एप्रिलच्या दुपारी कावळा किंवा साळुंकी चोच उघडी ठेवून धापा टाकत बसलेली आपण पाहतो. अंगातली उष्णता ती अशा रीतीने बाहेर टाकत असते. या धापांबरोबर शरीरातले पाणीही जाते. चिमणीचे वजन २५ ते ३० ग्रॅम. एवढ्याशा जीवात पाण्याचा साठा तो किती असणार? मराठवाडा-विदर्भात पारा ४२-४३ अंशांवर जातो, तेव्हा जवळपास पाणी असणे हा जगण्या-मरण्याचा प्रश्न होतो.

भांडे मातीचे, पसरट आणि उथळ घ्यावे. कुंभाराकडे मिळणारी परळ किंवा कुंडीखालची मोठी बशी उत्तम. पाण्याची खोली दोन बोटांपेक्षा जास्त नको, कारण खोल भांड्यात लहान पक्षी बुडू शकतो. मध्ये एक खडबडीत दगड ठेवला की पक्ष्याला पाय रोवता येतो आणि मधमाश्यांनाही बसून पाणी पिता येते. गुळगुळीत स्टीलचे किंवा प्लास्टिकचे भांडे टाळावे. ते तापते आणि पायही घसरतात.

जागा सावलीची हवी. भांडे झुडपाला अगदी लागून ठेवू नये, कारण तिथेच मांजर दबा धरते. ते फार उघड्यावरही नको, कारण शिकरा आला तर पक्ष्याला लपायला आडोसा लागतो. झुडपापासून आठ-दहा फुटांचे अंतर ठीक. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना खिडकीच्या जाळीला किंवा गॅलरीच्या कठड्याला भांडे पक्के बांधता येते.

पाणी रोज बदलावे. सकाळी फजरच्या वुजूला उठलो की तेव्हाच भांडे विसळून भरायचे, असा नेम केला तर विसर पडत नाही. आठवड्यातून दोनदा ब्रशने घासून उन्हात वाळवावे, साबण वापरू नये. घाणेरड्या भांड्यातून एका पक्ष्याचा रोग दुसऱ्याला लागतो. डासांची भीती अनेकांना वाटते आणि ती रास्तही आहे. पण डासाच्या अंड्यापासून उडणारा डास तयार व्हायला साधारण आठवडा लागतो. रोज ओतून टाकलेल्या पाण्यात त्याची वाढ पुरी होत नाही. डेंग्यूचा धोका असतो तो चार-आठ दिवस विसरून राहिलेल्या भांड्यात.

दाणा कोणता, किती

चिमणी, होला, मुनिया हे दाणे टिपणारे पक्षी. त्यांच्यासाठी बाजरी, राळा, भगर, तांदळाची कणी किंवा भरडलेली ज्वारी चांगली. कच्चा तांदूळ पोटात फुगून पक्षी मरतो, हा समज खरा नाही. शेतात साळ टिपूनच तर ते जगतात. बुलबुल, साळुंकी, तांबट आणि कोकीळ यांना पपई, केळे, पेरू अशी पिकलेली फळे आवडतात. पपई खाऊन झाल्यावर सालीला चिकटलेला गर त्यांच्यासाठी पुरेसा असतो.

काय देऊ नये, हेही सांगायला हवे. फरसाण, शेव, चिप्स, खारे शेंगदाणे, मसाल्याचा भात, तळलेले पदार्थ हे पक्ष्याचे अन्न नव्हे. मीठ त्याच्या लहानशा शरीराला झेपत नाही. पाव आणि बिस्किटाने पोट भरते, पण पोषण मिळत नाही. दूध पक्ष्यांना पचत नाही. गेल्या काही वर्षांत रमजान मार्चच्या आसपास येतो आहे. इफ्तारनंतर उरलेली भजी-समोसे ‘पाखरे खातील’ म्हणून गच्चीवर टाकण्यापेक्षा दस्तरखानावरच्या कलिंगडाची आणि पपईची साल ठेवावी.

दाणे मूठभरच टाकावेत. तासा-दोन तासांत संपतील एवढेच. उरलेल्या दाण्यांवर उंदीर-घुशी येतात आणि ओल लागली तर बुरशी धरते. किलो-किलोने धान्य ओतले की अंगणात चिमण्या येत नाहीत, कबुतरे येतात. त्यांची संख्या वाढली की बाकीचे पक्षी हटतात. कबुतराच्या वाळलेल्या विष्ठेची आणि पिसांची धूळ सतत नाकात गेली तर काहींना फुप्फुसाचा गंभीर आजार जडतो. घरात दमेकरी, म्हातारी माणसे किंवा तान्हे मूल असेल तर हे विशेष लक्षात घ्यावे. २०२५ मध्ये मुंबईतल्या कबुतरखान्यांचा प्रश्न उच्च न्यायालयापर्यंत गेला, तो याच आरोग्याच्या मुद्द्यावरून. दया करावी, पण शेजाऱ्याच्या हक्काला धक्का लावून नव्हे.

पिलांचे जेवण : किडे

चिमणी स्वतः दाणे खाते, पण पिलांना भरवते ते मुख्यतः किडे आणि अळ्या. अंड्यातून निघालेल्या उघड्यावाघड्या पिलाला जेमतेम दोन आठवड्यांत पिसे फुटून उडायचे असते. एवढ्या झपाट्याने वाढायला प्रथिने लागतात, ती दाण्यात पुरेशी नसतात. शिंजीर आपण फुलातला मध पिताना पाहतो, पण पिलांसाठी तोही कोळी आणि किडेच आणतो. दयाळ, शिंपी, सातभाई यांचा तर सारा संसारच किड्यांवर चालतो.

मग आपण काय करायचे? एक म्हणजे, परसातल्या झाडांवर विषारी औषध फवारू नये. वांग्या-भेंडीवर चार अळ्या दिसल्या तर शिंपी आणि दयाळ त्या वेचतात. दुसरे, अंगणाचा प्रत्येक इंच फरशीने झाकू नये. एका कोपऱ्यात पालापाचोळा कुजू द्यावा. सातभाईंची टोळी तो पाला उलथून किडे शोधते, ते पाहणे मुलांना फार आवडते. तिसरे, झाडे लावावीत. मेंदीचे कुंपण तर आपल्या कितीतरी घरांना असतेच. दाट असल्याने बुलबुल त्यात घरटे करतो. कढीपत्त्याची काळी फळे बुलबुल आवडीने खातो. डाळिंब, शेवगा, जास्वंद यांच्या फुलांवर शिंजीर येतो. जागा मोठी असेल तर उंबर लावावा; एका उंबरावर किती जातींचे पक्षी येतात ते मोजून पाहावे.

झाड लावले किंवा शेत पेरले आणि त्यातून माणसाने, पक्ष्याने वा जनावराने काही खाल्ले, तर तेही लावणाऱ्याच्या नावे सदका म्हणून लिहिले जाते, अशी पैगंबर मुहम्मद (स.) यांची शिकवण आपण ऐकत आलो आहोत. त्यात माणसाबरोबर पक्ष्याचेही नाव आहे, हे मुलांना आवर्जून दाखवावे.

घरट्याला जागा

जुन्या घरात चिमणीला जागा शोधावी लागत नसे. कौलांच्या सांदी, वाशांच्या बेचक्या, भिंतीवर कलता टांगलेला फोटो, कुठेही तिचे घर बसे. सिमेंटच्या सपाट भिंतीत आणि सरकत्या काचेच्या खिडकीत तिला शिरायला भोक नाही. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या देशपातळीवरच्या पक्षी-अहवालात असे दिसले की देशभरात मिळून चिमण्यांची संख्या बरीचशी टिकून आहे, पण मोठ्या शहरांत ती घटली आहे. मोबाइल टॉवरला दोष देण्याची पद्धत पडली आहे, मात्र त्याला पुरेसा पुरावा मिळालेला नाही. घरट्याची जागा आणि किडे या दोन गोष्टी मात्र आपल्या हातात आहेत.

चिमणीचा प्रश्न जगापुढे मांडणाऱ्यांत आपल्या नाशिकचे मोहम्मद दिलावर यांचे नाव पुढे आहे. त्यांच्या ‘नेचर फॉरएव्हर सोसायटी’च्या पुढाकाराने २०१० पासून २० मार्च हा दिवस जागतिक चिमणी दिन म्हणून पाळला जातो. लाकडी घरटी घरोघर पोचवण्याचे कामही त्यांनी केले.

असे घरटे घरीही होते. साध्या फळीचा वीतभर उंचीचा बंद खोका, पुढे सव्वा इंचाचे गोल भोक. भोक याहून मोठे केले तर साळुंकी घर बळकावते. भोकाखाली बसायला दांडी लावू नये, ती शिकाऱ्याच्या उपयोगी पडते. आतून रंग देऊ नये. आठ-दहा फूट उंचीवर, दुपारचे ऊन लागणार नाही अशा भिंतीला, पंख्यापासून दूर ठोकावे. लगेच कोणी राहायला आले नाही तर हिरमुसू नये. कधी कधी वर्षही जाते. एकदा जोडी आली की सारखे डोकावणे बंद.

पिलू खाली पडले तर

मार्च-एप्रिलमध्ये शाळेत हा प्रश्न हमखास येतो. ‘मॅडम, आपण हात लावला तर चिमणी पिलाला टाकून देते ना?’ नाही. माणसाच्या वासाने पक्षी पिलू टाकत नाही. पिसे न फुटलेले पिलू दिसले तर ते हलक्या हाताने घरट्यात परत ठेवावे. घरटे सापडले नाही तर वाटीत सुके गवत घालून जवळच्या फांदीला बांधावे आणि दूर व्हावे. अंगावर पिसे आलेले, टुणटुण उड्या मारणारे पिलू बहुधा उडायला शिकत असते. आई-बाप जवळच असतात. त्याला घरात आणू नये, फक्त मांजराला आणि पोरांना दूर ठेवावे. चोचीत पाणी ओतू नये, ते श्वासनलिकेत जाते.

एका प्रवासात काही साथीदारांनी एका पक्षिणीची पिले उचलली, ती पंख फडफडवत घिरट्या घालू लागली, तेव्हा पैगंबरांनी (स.) पिले तिला परत द्यायला सांगितले, हा प्रसंग हदीसमध्ये आहे. मुलांना यापेक्षा जास्त समजावून सांगावे लागत नाही.

पिंजऱ्यातला मिठू

हे लिहिणे काहींना आवडणार नाही, पण टाळता येत नाही. आपल्या अनेक घरांत पिंजऱ्यात पोपट असतो, त्याला सलाम शिकवलेला असतो, त्याचे लाडही होतात. मात्र आपल्याकडचा हिरवा पोपट, मुनिया, साळुंकी असे रानपक्षी पकडणे, विकणे किंवा पाळणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार गुन्हा आहे. बाजारात विकायला आलेल्या एका पिलामागे ढोलीतून काढताना आणि पोत्यातून आणताना मेलेली पिले असतात. विकत घेणारा नसेल तर पकडणाराही राहणार नाही. घरात आधीपासून असलेला पोपट एकदम उडवून देऊ नये. पिंजऱ्यात वाढलेल्याला अन्न शोधता येत नाही. वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर विचारून पुढचे ठरवावे.

मुलांच्या हाती वही

मुंबईच्या खेतवाडीत मामांकडे वाढणाऱ्या एका अनाथ मुलाने छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही कोणती चिमणी, हे मामांना सांगता येईना. त्यांनी भाच्याला चिठ्ठी देऊन बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीत पाठवले. तिथे मिलार्ड नावाच्या साहेबांनी त्याला पेंढा भरलेले पक्षी दाखवले आणि ओळखायला शिकवले. तो मुलगा म्हणजे डॉ. सलीम अली. पुढे त्यांच्या पुस्तकांनी साऱ्या देशाला पक्षी ओळखायला शिकवले. त्या मामांनी रागावून किंवा दुर्लक्ष करून प्रश्न टाळला नाही, हे आपण पालकांनी ध्यानात घ्यायचे.

बेचकी हातात असलेल्या मुलाला ‘टाक ती’ म्हणण्याबरोबर एक वही द्यावी. रोज असरनंतर पंधरा मिनिटे पाण्याच्या भांड्यापासून दूर, गप्प बसायचे. कोण आले, किती आले, प्यायले की आंघोळ केली, एवढेच लिहायचे. नाव माहीत नसेल तर रंग, चोच, शेपूट लिहावे. नाव नंतर मिळते. माझ्या वर्गातली मुले मराठी आणि उर्दू दोन्ही नावे लिहितात. महिनाभरात पंधरा पक्षी ओळखणारी मुले मी पाहिली आहेत, आणि त्यांतली बरीचशी शहरी वस्तीत, एका खिडकीच्या भरवशावर.

सुरुवातीला चार-आठ दिवस कोणी फिरकणार नाही. भांडे त्याच जागी, त्याच वेळी भरत राहावे. आधी बहुधा कावळा येईल, मग साळुंकी, मग बुलबुल. चिमणी उशिरा धीर करते. एकदा पाण्याची सवय लागली की त्यांचा भरवसा आपल्यावर असतो. म्हणून मेच्या सुट्टीत नानीच्या गावाला जाताना चावीबरोबर शेजाऱ्यांकडे ही जबाबदारीही सोपवावी.