बॉथेलची दफनभूमी आणि पोकीप्सीतल्या आनंदीबाई



विषय थोडा गंभीर आहे, पण आपल्यापैकी बऱ्याच जणांनी आता पन्नाशी ओलांडली आहे, तेव्हा चालून जाईल.

सिअ‍ॅटलच्या उत्तरेला आमचं बॉथेल. बाबा पहिल्यांदा आले ते ऑक्टोबरात. संध्याकाळी त्यांना युनिव्हर्सिटीच्या कॅम्पसवर कावळे बघायला नेलं. तिथल्या पाणथळ जागेत हिवाळ्यात रोज हजारो कावळे मुक्कामाला येतात, आकाश काळं होतं. बाबा म्हणाले, "एवढे कावळे, आणि पिंड एकही नाही!"

तिथून चालत जाण्यासारखी बॉथेलची जुनी पायोनियर दफनभूमी आहे. बाबा हाडाचे शिक्षक. एकेक दगड वाचत निघाले. यादवी युद्धात लढलेल्या डेव्हिड बॉथेलने १८८९ मध्ये गावाचे प्लॉट पाडले, १९०९ मध्ये नगरपालिका झाली आणि पहिला महापौर त्याचाच मुलगा जॉर्ज. दफनभूमीही गावाइतकीच जुनी. लाकूडतोडीवर जगणारं गाव होतं हे. लांबून आलेली माणसं इथे राहिली आणि इथेच पुरली गेली. बाबा म्हणाले, "गाव आपलं कधी होतं? आपलं माणूस तिथल्या मातीत गेलं की."

पूर्वी, विशेषतः एपिस्कोपल चर्चांमध्ये, इंग्लंडच्या रिवाजाप्रमाणे चर्चच्या अंगणातच दफन होई. न्यूयॉर्कच्या ट्रिनिटी चर्चच्या अंगणात अलेक्झांडर हॅमिल्टन १८०४ पासून आहे. पुढे शहरं वाढली, अंगणं भरली. मग १८३१ मध्ये बॉस्टनजवळ माउंट ऑबर्न सुरू झालं. गावाबाहेर, टेकड्या-झाडीतली बागेसारखी दफनभूमी, कुठल्याही एका पंथाची नसलेली. याच धर्तीवर पुढे ठिकठिकाणी 'रूरल सिमेट्री' झाल्या. हडसनकाठची पोकीप्सीची त्यातलीच एक. आणि तिथे आपलं एक माणूस आहे: डॉ. आनंदीबाई जोशी.

गोष्ट आपल्याला शाळेपासून माहीत असते, पण शेवट बऱ्याच जणांना माहीत नसतो. गोपाळरावांनी बायकोच्या शिक्षणासाठी मदत मागणारं पत्र एका अमेरिकन मिशनऱ्याला लिहिलं. धर्मांतराशिवाय मदत मिळायची चिन्हं दिसेनात. पण तो पत्रव्यवहार मासिकात छापून आला आणि न्यू जर्सीतल्या रोझेलच्या मिसेस कार्पेंटर यांनी तो दाताच्या डॉक्टरकडे वाट बघत असताना वाचला. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागल्या. हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन, असं १८८३ मध्ये श्रीरामपूरच्या (बंगालमधल्या) सभेत जाहीर सांगून त्या निघाल्या. मार्च १८८६ मध्ये फिलाडेल्फियात एम.डी. झाल्या. नोव्हेंबरात मुंबईला उतरल्या त्या क्षयाने खंगलेल्या. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात गेल्या. बावीस वर्षंही पुरी झाली नव्हती.

गोपाळरावांनी रक्षा मावशींना पाठवली, आणि त्यांनी ती पोकीप्सीला आपल्या कुटुंबाच्या जागेत पुरली. लॉट क्रमांक २१६-ए. शिक्षणासाठी भारत सोडणारी पहिली ब्राह्मण स्त्री, असं दगडावर कोरलेलं आहे. जी मुलगी परत जाण्यासाठीच आली होती, तिची राख उलट प्रवास करून इथे आली. एका परक्या बाईने तिला आपल्या घरच्यांत जागा दिली. मला हे नेहमी थोडं खटकायचं. आपली आनंदी परक्या मातीत का?

बाबा तीन वर्षांपूर्वी इथेच, आमच्या घरी गेले. त्यांच्या अस्थी मी नाशिकला रामकुंडात सोडल्या. ते योग्यच होतं. परत आल्यावर लेक म्हणाली, "आजोबांना भेटायला मी कुठे जाऊ?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. मग तिनेच विचारलं, "आणि तुला भेटायला?"

तेव्हा मला मिसेस कार्पेंटर कळल्या. त्यांना आनंदीशेजारी जाऊन उभं राहायला एक जागा हवी होती. धर्म, देश हे सगळं त्यानंतरचं.

मी आणि बायकोने बसून ठरवलं आहे: थोडी रक्षा गोदावरीत आणि थोडी इथे, एका लहानशा दगडाखाली. दगडावर नाव देवनागरीत. तसं लिहून वकिलाकडे दिलंय. मंडळी, तुम्हीही एकदा घरात हा विषय काढाच. मुलांना उगाच कोड्यात टाकू नका. आणि न्यूयॉर्ककडच्यांनो, कधी हडसनकाठी गेलात तर आनंदीबाईंना दोन फुलं वाहून या. आमच्या वतीनेही.

काल संध्याकाळी परत कावळे बघायला गेलो होतो. या खेपेला खिशात थोडा दहीभात नेला होता.

आपला,
एक बॉथेलकर